व्हर्नाला विचारून कळव

टोलेडो, ओहायो
९ मार्च १९८१

प्रिय व्हर्ना आणि क्लेटन,

घोडा एकदाचा पोचला. जानेवारीत तुमच्या दारातून उचललेला माल त्या वाहतूकवाल्याने काल माझ्या दारात आणून टाकला आणि वर मलाच पाटीवर लिहून विचारतो, "बाई, एवढं जड आहे तरी काय यात?" म्हटलं, "घोडा." त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

तीन पायांवर आलाय. चौथा पाय वेगळ्या खोक्यात, जुन्या टॉवेलात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला. हे काम व्हर्नाचंच. क्लेटनने दोरीने करकचून आवळला असता.

व्हर्ना, तुझ्या नजरेची कमाल आहे. न्यू जर्सीतली ती करमणुकीची बाग मोडीत निघाली तेव्हा बाकीचे सगळे उड्या मारणाऱ्या घोड्यांमागे धावत होते, आणि तू मेरी-गो-राउंडच्या बाहेरच्या रांगेतला हा, मान खाली घालून मुकाट उभा असलेला निवडलास. खोगिरामागे कोरलेली मक्याची कणसं पाहिलीस ना? दाणा न् दाणा सुटा आहे. पण बागवाल्यांनी दर हिवाळ्यात हाताला लागेल तो रंग फासलाय, त्यामुळे कणसांची काकडी झाली आहे.

आता कामाचं. रंग किती काढू? सगळा काढून लाकूड उघडं करणाऱ्यांना तू 'साल काढणारे' म्हणतेस हे ठाऊक आहे, तरी विचारलेलं बरं. एकदा काढलं की परत लावता येत नाही. क्लेटन, तू मध्ये बोलू नकोस, तुला विचारलेलं नाही. तू फक्त व्हर्नाचं उत्तर पाकिटात घालून तिकीट लाव.

फोन करू नका. माझे कान पुरते गेलेत, तुम्हाला ठाऊकच आहे. कारखान्यात येणाऱ्यांना मी पाटी-खडू देते.

तुमची
इलोना केरेकेश

*

कुट्झटाउनजवळ, पेनसिल्व्हेनिया
२ एप्रिल १९८१

प्रिय इलोना,

तुझं पत्र बरेच दिवस टेबलावर होतं. व्हर्नाला हल्ली लिहायला होत नाही म्हणून मी लिहितोय. अक्षर समजून घे.

तुझा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती म्हणते, साल काढायची नाही. खाली पहिला रंग कुठे शिल्लक आहे का ते आधी शोध. सापडला तर तिथपर्यंतच जा.

इकडे सगळं ठीक. बर्फ वितळतंय. चर्चमधल्या बायका जेवण आणून देतात, फ्रीजमध्ये जागा उरलेली नाही. त्यांची भांडी कोणाची कोणती ते मला कळत नाही. सगळी धुऊन व्हरांड्यात ओळीने ठेवली आहेत, ज्यांनी त्यांनी न्यावीत.

घोडे ठीक आहेत. दिवाणखान्यातल्यांची धूळ मी झटकतो. जत्रेतल्या चेंडूफेकीच्या त्या कापडी मांजरी जिन्यावर बसलेल्या असतात. वर जाताना त्यांना ओलांडावं लागतं. हल्ली मी खालीच झोपतो.

क्लेटन स्टाउट

*

टोलेडो
१४ एप्रिल १९८१

प्रिय क्लेटन, आणि अर्थात व्हर्ना,

चर्चमधल्या बायका जेवण का आणतायत? व्हर्ना आजारी आहे का? लिहायला होत नाही म्हणजे मनगट का? मागच्या वर्षीही ती तक्रार करत होती. तिला म्हणावं, रात्री मनगटाला लोकर बांधून झोप. माझी आई हंगेरीहून बाकी काही आणू शकली नाही, पण हे औषध तेवढं तिने आणलं. सोबत खसखशीचा रोल पाठवतेय. क्लेटन, अर्धा तिला ठेव.

आता ऐका. मानेवरचा रंग थराथराने काढून एक छोटी खिडकी उघडली. पांढरा, तपकिरी, पुन्हा पांढरा, मग कोण्या गाढवाने लावलेला हिरवा, आणि त्या सगळ्यांच्या खाली राखाडी! फिकट ठिपक्यांचा राखाडी. तो दिसला तेव्हा मी ब्रश ठेवला आणि खुर्ची ओढून नुसती बघत बसले. ज्याने पहिल्यांदा रंगवला त्याने पावसात भिजलेला खरा घोडा पाहिलेला होता.

अडचण लगामाच्या पट्ट्यांची. तिथला मूळ रंग पार उडालाय. म्हणजे आपल्यालाच ठरवायचंय. निळा की गडद लाल? कडेला काचेचे खडे बसतील, त्यांच्याशी मेळ हवा. व्हर्नाला विचारून कळव. आणि तिला म्हणावं, मनगट बरं झालं की दोन ओळी स्वतः लिही. क्लेटनची पत्रं हवामान खात्यासारखी असतात.

तुमची
इलोना

*

कुट्झटाउनजवळ
५ मे १९८१

प्रिय इलोना,

रोल मिळाला. चांगला होता.

व्हर्ना बरी आहे. थकलेली असते, एवढंच. पट्ट्यांचं तिला विचारलं. तिने बराच विचार केला. ती म्हणते, गुलाबी.

मागच्या आठवड्यात डोरीन आली होती. दोन दिवस राहिली, कपाटं आवरली, व्हर्नाचे हिवाळ्याचे कोट पिशव्यांत भरून चर्चला देऊन आली. वसंतातली साफसफाई. जाताना दारात म्हणाली, "डॅड, तुम्ही एकदा तरी काहीतरी बोला ना." मी म्हटलं, "टायरमध्ये हवा कमी आहे, पंपावर बघून घे." ती गाडीत बसून रडली असावी. काचेवर ऊन होतं, नीट दिसलं नाही.

जेवणघरातला तो मोठा कापडी पडदा, आगीचे गोळे गिळणारी बाई रंगवलेला, त्याची वरची दोरी तुटली आणि तो खाली आला. मी उचललेला नाही. त्यावरून चालत नाही, कडेने जातो.

घोड्याच्या पायाची घाई नाही.

क्लेटन

*

टोलेडो
२० मे १९८१

प्रिय क्लेटन,

गुलाबी. बरं. लिहून ठेवलंय.

पाय बसवला. जुना सरस पार वाळून गेला होता, सगळे सांधे उघडून नव्याने चिकटवले. आता तो चारी पायांवर उभा आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे खालमानेने बघतो.

माझे काही प्रश्न आहेत. एकदम नकोत, घाईही नको. एकेक करून तिला विचार, सवडीने, संध्याकाळी बसला असाल तेव्हा. आयाळ राखाडीच ठेवायची की काळी? शेपटी खऱ्या केसांची होती, ती आता उरली नाही. नवी लावायची तर कुठल्या रंगाची? कणसं पिकलेली दाखवायची की कोवळी? आणि डोळे. काचेचे डोळे माझ्याकडे दोन तऱ्हेचे आहेत, तपकिरी आणि मधाच्या रंगाचे.

आणि तू काय खातोस? हा प्रश्न व्हर्नाला नाही, तुला आहे.

तुझी
इलोना

*

कुट्झटाउनजवळ
१८ जून १९८१

प्रिय इलोना,

तू सांगितलंस तसं केलं. रोज एक विचारला.

आयाळ काळी. शेपटी काळी. ती म्हणाली, घोड्याच्या शेपटीत मिजास नको. कणसं पिकलेली, पण एक कोवळं ठेव, सगळी एकदम कधी पिकत नाहीत. डोळ्यांचं तिला लगेच ठरवता येईना. दोन संध्याकाळी गेल्या. मग म्हणाली, मधाचे.

मी सूप खातो. डब्यातलं. गरम करायचं राहून जातं.

एक बातमी आहे. न्यूयॉर्कचा तो लॉरेन्स ट्रास्क येऊन गेला. सगळं घेतो म्हणाला. दिवाणखान्यातले, कोठारातले, कोंबड्यांच्या खुराड्यातले सगळे घोडे, दोन्ही सिंह, पडदे, मांजरी, मेरी-गो-राउंडच्या बाजाच्या पेटीवरचा तो घंटा वाजवणारा लाकडी शिपाई, सगळं. घोड्यांचा रंग काढून, लाकूड चकाकवून हॉटेलांच्या दारात उभे करतो. बोलायला सभ्य आहे. मी कॉफी केली. तो घरभर हिंडत होता आणि मी खुर्चीत बसून त्याच्या बुटांचा आवाज ऐकत होतो. मला काही वाटलं नाही. वाईट नाही, बरं नाही. हल्ली सगळ्याचं तसंच आहे. दात काढताना भूल देतात, तेव्हा गाल आपला आहे हे ठाऊक असतं पण बोट लावलं तर कळत नाही, तसं.

मी त्याला हो म्हटलं. महिनाअखेरीस कागद पाठवतो म्हणाला.

व्हर्नालाही विचारलं. ती पण हो म्हणाली.

क्लेटन

*

टोलेडो
२३ जून १९८१

क्लेटन,

व्हर्ना हो म्हणालेली नाही.

व्हर्ना फेब्रुवारीत गेली. एप्रिलच्या शेवटी लँकेस्टरचा एक जण त्याचा लाकडी शहामृग घेऊन आला होता. त्याने माझ्या पाटीवर खडूने लिहिलं, 'व्हर्ना स्टाउट गेली, ऐकलंस ना?' मी ते बाहीने पुसलं आणि त्याला शहामृगाच्या चोचीबद्दल विचारत राहिले. तो गेल्यावर कारखान्याचं दार लावून घेतलं. दहाएक दिवसांनी तुझं पत्र आलं, 'ती म्हणते, गुलाबी.' पाटी नसती तरी त्या गुलाबीवरून मला कळलं असतं. व्हर्ना त्याला पोटाच्या औषधाचा रंग म्हणायची.

मग मी तुला तेव्हाच का लिहिलं नाही? लिहायला बसले होते. पण वाटलं, हा माणूस लेकीशी बोलत नाही, चर्चमधल्या बायकांशी बोलत नाही, आणि माझ्या एका प्रश्नासाठी टेबलाशी बसून बायकोला काहीतरी विचारतो. म्हणून मी आणखी प्रश्न पाठवले. डोळ्यांचा तर काही प्रश्नच नव्हता, खोबणीत मधाच्या काचेचा तुकडा मला आधीच सापडला होता. आणि खरं सांगू? मलाही ती उत्तरं हवी होती. 'घोड्याच्या शेपटीत मिजास नको.' हे वाचताना मला तिचा आवाज आला, आणि मला तर गेली दोन वर्षं कोणाचाच आवाज येत नाही.

पण हे नाही. ट्रास्कला तिने तुमच्या व्हरांड्याच्या पायरीवरून परत पाठवलं होतं, तू तिथे उभा होतास. त्या माणसाला 'हो' म्हणायला तिचं तोंड वापरू नकोस. तुला विकायचं असेल तर वीक, ते घर तुझं आहे, मी कोण सांगणार? पण स्वतःच्या नावाने वीक.

मी रागावलेली नाही. होते, पाकीट शोधता शोधता राग गेला.

इलोना

*

कुट्झटाउनजवळ
९ ऑगस्ट १९८१

प्रिय इलोना,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र घेऊन मी बराच काळ हिंडलो. खिशात ठेवून ते फाटलं.

तुझं म्हणणं बरोबर आहे. ती १७ फेब्रुवारीला गेली, मंगळवारी. आम्ही सकाळी मेरीलँडला एका लिलावाला निघालो होतो. मी बाहेर ट्रक गरम करत होतो. ती येईना म्हणून हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. आत गेलो तर दाराजवळच्या बाकावर बसली होती, एक बूट घातलेला, डोकं भिंतीला टेकलेलं. मी हाक मारली. हात धरून पाहिला. मग बाहेर जाऊन आधी ट्रक बंद केला. पेट्रोल जळत होतं. नंतर फोन केला.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. डोरीनला वाटतं बाप दगड आहे. दफनाच्या वेळी मी पाद्र्याच्या बुटावरचा चिखल बघत होतो आणि मनात होतं, या मातीत बटाटा बरा येईल.

मग तुझं पत्र आलं, 'व्हर्नाला विचारून कळव.' जगात एकच जागा उरली होती जिथे लोक अजून तिला विचारत होते. मी विचारलं. ती उत्तर देते असं मला खरंच वाटत होतं का? नाही. पण उत्तर यायचं. गुलाबी कुठून आलं मला ठाऊक नाही.

ट्रास्कला नको म्हणून कळवलंय. तो फोनवर म्हणाला, "मिस्टर स्टाउट, तुमचं मन बदललं का?" मी म्हटलं, "आजवर ते नव्हतंच, आता बघतोय."

आता माझं मन काय आहे ते तुला सांगतो. इलोना, मला घोडे कधीच आवडले नाहीत. लाकडीही नाहीत आणि खरेही नाहीत. तीस वर्षं मी कोंबड्यांऐवजी घोडे पाळले, जेवताना सिंहाची शेपटी पाठीला टोचून घेतली, कारण तिला हवं होतं आणि मला ट्रक चालवायला आवडायचं. हे वाक्य लिहिलं आणि मला हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. ते फार टिकलं नाही.

न्यूयॉर्क राज्यात, चौटॉक्वाच्या बाजूला एक लहान गाव आहे. तिथलं मेरी-गो-राउंड शाबूत आहे, छत, यंत्र, बाजाची पेटी सगळं, पण घोडे मागेच एकेक करून विकले गेले. गावातल्या लोकांनी वर्गणी काढली आहे. त्यांनी मला पत्र लिहिलंय. रंगाला ते हात लावणार नाहीत, पण मुलांना बसवणार. तू म्हणशील, मुलं बुटांनी रंग खरवडतील, पाय मोडतील. मोडू देत, तुला काम मिळेल. व्हर्ना यावर काय म्हणाली असती मला माहीत नाही. कदाचित भांडली असती. हे मी म्हणतोय.

तुझ्याकडचा घोडा या व्यवहारात नाही. तो घरात नसल्यामुळे मोजायचा राहिला.

क्लेटन

*

टोलेडो
१७ ऑगस्ट १९८१

प्रिय क्लेटन,

ही आता तुझी सही आहे. मला पटो न पटो.

(पटलेलं आहे. पण मुलांना बूट काढायला लावा असं त्यांना लिही.)

डोरीनला हे सगळं सांग. ट्रक बंद केल्याचं आधी सांग. तिला समजेल. मी माझा नवरा गेला त्या दिवशी दुपारभर खिडक्या पुसल्या होत्या. सासू दारात उभी राहून बघत होती आणि मी तिला म्हटलं, "जरा सरका, उजेड अडतो."

इलोना

*

कुट्झटाउनजवळ
४ ऑक्टोबर १९८१

प्रिय इलोना,

काल घोडे गेले.

त्या गावच्या अग्निशमन दलाची माणसं आली होती, सगळी हौशी, कोणी न्हावी, कोणी शाळेतला मास्तर. घरातल्या गोधड्या आणि बायकांची जुनी ब्लँकेटं घेऊन आलेले. एकेका घोड्याला असे गुंडाळत होते जणू त्यांना थंडी वाजते. डोरीन मदतीला आली होती. तिला मी ऑगस्टमध्येच सांगितलं, तू म्हणालीस त्या क्रमाने. तिने माझ्या कोटाचं बटण लावलं. उन्हाळ्यात कोट कशाला घातला होता मलाही माहीत नाही.

मी उभा राहून दाखवत होतो, हा पायाला कमजोर आहे, याचा कान चिकटवलेला आहे, त्याला कानाने उचलू नका. काहीच वाटत नव्हतं. दिवाणखाना रिकामा झाला आणि भिंतीचा कागद दिसला, त्यावर फुलं आहेत. मी ते विसरलो होतो.

शेवटचा ट्रक भरत आला होता. एक दांडगा माणूस, लाल मिशांचा, टोपी काढून माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, आमचा विचार आहे की एक घोडा मिसेस स्टाउटच्या नावाचा ठेवावा. छोटी पाटी लावू. त्यांचा सगळ्यात लाडका कोणता होता?"

इलोना, मला सांगता आलं नाही.

मी ट्रकमध्ये बघितलं. सगळे गोधड्यांत होते, फक्त नाकं बाहेर. कुठला? तीस वर्षं मी त्यांना उचललं, उतरवलं, कोठाराचं छत त्यांच्यासाठी दुरुस्त केलं, आणि हे मी तिला एकदाही विचारलं नाही. सगळा वसंत मी तिच्या वतीने उत्तरं देत होतो. आयाळ काळी, डोळे मधाचे. आणि हे एवढं साधं आलं नाही. कुठल्याही घोड्याकडे बोट दाखवावं म्हटलं, पण झालं नाही.

मग मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. किती वेळ ते मला विचारू नकोस, डोरीनला विचारलंस तर ती सांगेल. असा आवाज माझ्यातून येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या माणसांनी ट्रकचं इंजिन बंद केलं आणि ती अंगणात टोप्या हातात घेऊन उभी राहिली. लाल मिशीवाल्याने थर्मासमधली कॉफी दिली. घाई कोणी केली नाही. अंधार पडायला आला तेव्हा गेले.

आज सकाळी सगळं अंग दुखतंय, ओझी वाहिल्यासारखं. सूप गरम करून खाल्लं. जीभ भाजली.

तुम्ही दोघी पत्रांतून बरंच बोलत होता. तुला माहीत आहे का तिला कोणता आवडायचा? माहीत असेल तर कळव. पाटीसाठी नाही.

क्लेटन

*

टोलेडो
८ ऑक्टोबर १९८१

प्रिय क्लेटन,

माहीत आहे. मी एकदा तिला हेच विचारलं होतं, माझे कान शाबूत होते तेव्हा, इथे कारखान्यातच. तू बाहेर ट्रकचं काहीतरी खाटखुट करत होतास. मला वाटलं ती सिंह म्हणेल, नाहीतर तो गुलाब कोरलेला पांढरा. ती म्हणाली, "घरी जाताना ट्रकमध्ये मागे असतो तो. कुठलाही असो. क्लेटन गाडी चालवत असतो, मी मागच्या काचेतून बघत असते, आणि उतरवायची कोणाला घाई नसते."

एवढंच म्हणाली. मग तू हॉर्न वाजवलास आणि ती गेली.

तुझ्या घोड्यावरचा रंगाचा शेवटचा हात परवा वाळला. डोरीनला बरोबर घेऊन ये, उचलायला तिघं लागू. बाजूच्या दाराने या, पुढची घंटा मला ऐकू येत नाही.

इलोना